अळणी श्रावण

"यातली एक जरी अट त्याने मोडली, तर तुम्ही कोर्टाला फोन कराल? त्याने कितीही गयावया केली तरी?"

न्यायाधीशबाईंनी हे विचारलं तेव्हा वसुधाने मान हलवली. आपण भारतीय जशी हलवतो तशी. अमेरिकन बाईंना त्यातून होय की नाही काहीच कळेना.

"तोंडाने सांगा. इथे लिहून घेताहेत."

"करीन," वसुधा म्हणाली.

देवदत्त चार हातांवर उभा होता. तुरुंगाचे नारिंगी कपडे, कमरेला साखळी, हात त्या साखळीला अडकवलेले. फेब्रुवारीत धरला तेव्हा चोवीस वर्षांचा काटकुळा मुलगा होता. तीन महिने इस्पितळात औषधांवर ठेवल्यावर त्याचं तोंड सुजल्यासारखं झालं होतं आणि पोट सुटलं होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

वकीलबाईंनी वसुधाला आधीच सगळं समजावलं होतं. डोकं ठिकाणावर नसताना ज्याच्या हातून गुन्हा घडला, त्याला खटला उभा राहीपर्यंत कोठडीतच ठेवावं असं नाही. नात्यातलं किंवा ओळखीतलं कुणी पुढे आलं, नजर ठेवीन, औषध देईन, तारखेला हजर करीन असं लिहून दिलं, तर त्यांच्या हवाली करता येतं.

"तुमचं याच्याशी नातं काय?" बाईंनी विचारलं.

"नातं नाही. शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी अटींचा कागद वाचून दाखवला. घर आणि शेत सोडून एकट्याने जायचं नाही. औषध कुणाच्या तरी डोळ्यांसमोर घ्यायचं. दारूचा थेंब नाही. घरात काडेपेटी, लायटर, मेणबत्ती काही ठेवायचं नाही. हार्टर यांच्या शेतात पाऊल टाकायचं नाही.

वसुधाचा नवरा अरुण शेजारीच बसला होता. सही करायची वेळ आली तेव्हा त्याने खिशातलं पेन काढून दिलं, पण स्वतः सही केली नाही. एकाची सही पुरे होती.

*

स्टेट कॉलेज गावापासून पूर्वेला नऊ मैलांवर, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात त्यांची अकरा एकर जमीन होती. अरुणने तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत धातू वितळवले आणि निवृत्त झाल्यावर ही जमीन घेतली. भेंडी, मेथी, हिरव्या मिरच्या, टोमॅटो आणि दोन एकर मका. शनिवारी गावच्या बाजारात टेबल मांडायचं. मराठी, तेलुगू, पंजाबी पोरं भेंडीसाठी रांग लावायची. त्या रांगेतच नागपूरचा देवदत्त दोन वर्षांपूर्वी भेटला होता. केमिस्ट्री शिकत होता. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काकू, एवढ्या कोवळ्या भेंड्या इथे कुठून आणून राहिल्या?" वसुधा त्याला घरीच घेऊन आली.

गेल्या हिवाळ्यात तो झोपेनासा झाला. दिवसातून दहा-दहा वेळा फोन करायचा. कधी नवं मूलद्रव्य सापडलंय म्हणायचा, कधी मागावर कुणीतरी आहे म्हणायचा. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी फोन वाजला. अरुण म्हणाला, "राहू दे वसू, तासभर सोडणार नाही." तो परत वाजला. मग तिसऱ्यांदा. वसुधा फोनकडे बघत पोळ्या लाटत राहिली. मग वाजायचा थांबला.

तो पायी निघाला होता. बर्फातून, पातळ जाकिटात, त्यांच्याच घराकडे. पोहोचला असता, पण अंधारात मैलभर आधीच वळला. हार्टरच्या गोठ्याला वसुधाच्या कोठारासारखाच लाल रंग होता. आत शिरला, थंडीने हात वळेनात म्हणून गवताची मूठभर काडी पेटवली. गोठा गेला. आतली म्हातारी घोडी गेली.

हे सगळं देवदत्तने पोलिसांना सांगितलं होतं. फोनचं मात्र नाही. फोनचं वसुधाला ठाऊक होतं, आणि अरुणला.

*

तो उन्हाळा कोरडा गेला. जून सरला, जुलै निम्मा झाला, पण आभाळ पांढरं ते पांढरंच. विहिरीचा पंप हवा ओढायला लागला. काउंटीच्या सरकारी कचेरीने पाणी जपून वापरा म्हणून पत्रं पाठवली. ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरेना, तेव्हा टोमॅटोला तळ्यातून बादल्यांनी घालायला सुरुवात केली.

देवदत्त कामाला बरा होता. सकाळी सहाला उठायचा. वसुधा हातावर गुलाबी कॅप्सूल ठेवायची, तो गिळायचा, तोंड उघडून दाखवायचा. आधी दोघांनाही लाज वाटली, मग सवय झाली. त्यानंतर बादल्या. तळं ते वाफे पाऊणशे पावलं. दोन हातांत दोन बादल्या, कडीचे वळ तळहातावर उठलेले, गळ्याभोवती ओला पंचा. औषधाने अंग जड झालेलं, त्यामुळे चाल बैलासारखी झाली होती, पण खंड पडायचा नाही. भेंडी तोडताना खाज सुटू नये म्हणून वसुधाने आपले जुने मोजे बोटांशी कापून त्याच्या हातांत घातले होते.

अरुण त्याच्याशी बोलायचा नाही. रागाने नव्हे; त्याला बोलायला जमायचंच नाही. "त्याला सांग, तिसरी सरी राहिली," असं वसुधाला म्हणायचा. देवदत्त तीन हातांवर उभा असायचा.

दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला, वारा पडला की देवदत्त हातातलं काम थांबवायचा आणि मान वळवून उभा राहायचा.

"काय रे?"

"काही नाही काकू."

एकदा मात्र म्हणाला, "ती पाय आपटते. फळीवर. तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"नाही."

"चांगलं आहे," असं म्हणून तो परत वाकला.

घरातल्या काडेपेट्या वसुधाने पहिल्याच दिवशी गोळा करून शेजारच्या गावातल्या बाईला देऊन टाकल्या होत्या. देवापुढे विजेचा छोटा दिवा लावला. अरुण पूजेला बसला की त्या दिव्याकडे बघून म्हणायचा, "देवालाही जामिनावर ठेवलंय आपण."

*

रविवारी चार वाजता वसुधा ओसरीवर मुलांचा मराठीचा वर्ग घेई. सहा वर्षं चाललेला वर्ग. सात मुलं होती. बाराखडी, गोष्टी, थोडी गाणी, शेवटी चकली नाहीतर लाडू. मुलं इंग्रजीतच उत्तर द्यायची, पण ऐकून सगळं कळायचं.

देवदत्त आल्यावर पहिल्या आठवड्यात मृणालिनीचा फोन आला. तिची इशिता वर्गात सगळ्यात चुणचुणीत.

"काकू, अहो या समरमध्ये आम्ही जरा बिझी आहोत. स्विमिंग आहे, मग कॅम्प आहे..."

"बरं."

"आणि काकू, प्लीज गैरसमज करून घेऊ नका हं. तुम्ही एवढं मोठं काम करताय. आय मीन, आम्ही सगळे तुमचं कौतुकच करतो."

"इशिताला सांग, ळ गिरवायचा राहिलाय."

बाकीच्यांनी फोनही केले नाहीत. वसुधाने तीन रविवार चटया टाकल्या, चारला टाकून पाचला गुंडाळल्या. चौथ्या रविवारी देवदत्तने त्या चटया आपणच माळ्यावर नेऊन ठेवल्या.

ठिबकच्या नळ्या आवळायचे पट्टे संपले म्हणून ती एकदा खताच्या दुकानात गेली. हार्टर तिथे होता. सत्तरीचा, उंच, हाताच्या बोटांना कंप. दुकानदार बोलायचा थांबला. वसुधाने पट्टे घेतले, पैसे दिले. दाराशी आली तेव्हा हार्टर टोपी हातात धरून म्हणाला,

"ती सव्वीस वर्षांची होती. माझ्या बायकोची."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वसुधा गाडीत बसली आणि किल्ली लावायला तिला बराच वेळ लागला.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात श्रावण लागला. वसुधाने संकल्प सोडला. महिनाभर मीठ वर्ज्य. देवदत्तच्या खटल्याची तारीख नोव्हेंबरात आहे, त्याचं मन ठिकाणावर राहो, कोर्टाला दया येवो. तिची आई एकदा असंच मीठ सोडून बसली होती आणि भाऊ विषमज्वरातून उठला होता. हे ती अरुणला बोलली नाही. तो हसला असता.

पहिल्या दिवशी ताटात अळणी भाकरी, अळणी पिठलं, काकडी. अरुणचं वेगळं.

देवदत्तने विचारलं, "काकू, तुमच्या पिठल्याचा रंग असा कसा?"

"मीठ नाही त्यात. श्रावण पाळतेय."

"माझ्यासाठी?"

वसुधाने भाकरीचा तुकडा मोडला.

"मग मीही."

"तू कशाला? राबतोस एवढा."

"तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहायचं आणि मी मिटक्या मारत खायचं? असं नाही चालत काकू." जूनपासून एवढं लांबलचक वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. डोळे थोडे चमकले होते. वसुधाला इतकं बरं वाटलं की तिने पुढे हटकलंच नाही. आपल्या वाटीतलं पिठलं त्याच्या ताटात वाढलं.

अरुणने लोणच्याची बरणी जवळ ओढली. "म्हणजे या घरात मीठ खाणारा पापी मी एकटाच," तो म्हणाला. देवदत्त हसला. या घरी राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

मग ते दोघांचं होऊन गेलं. अळणी भात, अळणी मुगाची आमटी, ताक, मक्याची कणसं नुसती भाजलेली. दोघं समोरासमोर बसून जेवायची, चव नसलेला घास गिळायची आणि एकमेकांची तोंडं बघून हसायची. अशी घट्ट गाठ वसुधाची आपल्या पोटच्या मुलाशीही कधी पडली नव्हती. तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असायचा, महिन्यातून एकदा फोन करायचा. बाहेर पारा फॅरनहाइट पंच्याण्णववर. देवदत्तच्या पाठीवर सदरा वाळून पांढरे नकाशे उमटायचे. ती धुताना ते घासून काढायची.

ऑगस्टच्या आरंभी रक्त तपासलं होतं, सगळं ठीक होतं. पुढची तपासणी सप्टेंबरात.

*

महिना संपत आला तेव्हा त्याच्या हातातून बादली सुटायला लागली. एकदा सुटली, दोनदा सुटली. "घामाने सटकते," तो म्हणाला. भाकरी तोडताना बोटं थरथरायची. दोन दिवस पोट बिघडलं. वसुधाने सुंठ उगाळून दिली, ताक पातळ केलं.

शनिवारी बाजारात त्याने पोरांच्या हातात सुट्या पैशांऐवजी मिरच्या ठेवल्या. मग पुढे केलेली भेंडीची पिशवी सांडली. उचलायला वाकला तो टेबलाला धरून तसाच राहिला. "स-सॉरी," म्हणाला, पण जीभ वळली नाही. रांगेतल्या एका पोराने दुसऱ्याला हळूच म्हटलं, "यार, हा फुल टाइट आहे." शेजारच्या टेबलावरची मध विकणारी बाई आपल्या नातीला जवळ ओढून उभी राहिली.

अरुणने सगळं अर्ध्यावर गुंडाळलं. घरी आल्यावर तो सरळ तळघरात गेला. गेल्या वर्षीच्या सफरचंदाच्या रसाचे चार जग तिथे विसरून राहिले होते, आंबून फसफसलेले. तो वर आला.

"एक जग अर्धा आहे."

"तो तूच अर्धा केला होतास. दिवाळीत."

"मला आठवत नाही." अरुण खुर्चीवर बसला. "वसू, तू कोर्टात शब्द दिलायस. फोन कर."

वसुधा देवदत्तच्या खोलीत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"देवदत्त, माझ्याकडे बघ. प्यायलास का?"

तो वळला. डोळे तिच्यावर ठरेनात. "नाही हो काकू."

तिने वाकून वास घेतला. घाम, माती, आंबट ओकारी. दारूचा वास नव्हता. की होता? तिला धड सांगता येईना. आपण कधी दारूचा वास नीट घेतलाय असं तिला आठवेना.

ती बाहेर आली. फोन भिंतीवर होता. खाली चिकटवलेल्या कागदावर नंबर. तिने रिसीव्हर उचलला, पहिले तीन आकडे दाबले आणि ठेवून दिला.

"उद्या बघू. झोपला की उतरेल."

अरुण खुर्चीतून उठला. "फेब्रुवारीत उचलला नाहीस म्हणून आता करत नाहीस," तो म्हणाला. मग स्वतःच खाली बघून म्हणाला, "मीच नको म्हटलं होतं."

रविवारी सकाळी देवदत्त पलंगावरून उठताना पडला तो उठलाच नाही. सगळं अंग आतून कुणीतरी हलवतंय तसं थडथडत होतं. वसुधाने रुग्णवाहिकेसाठी नऊ-एक-एक लावला.

*

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. "रक्तात लिथियम फार वाढलंय. जास्त गोळ्या घेतल्या?"

"नाही. मी हातावर ठेवते. डबा माझ्या उशाशी असतो."

"खाण्यापिण्यात काही बदल?"

"नाही," वसुधा म्हणाली. "घरचं जेवण. शाकाहारी."

खरंच तिला तेव्हा बदल वाटला नव्हता. व्रत म्हणजे काही पथ्य नव्हे. डॉक्टरला सांगायच्या गोष्टींत ते येतं हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

नर्सने बाटली टांगली. थेंब थेंब नळीत उतरायला लागले. वसुधा त्या थेंबांकडे बघत बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं,

"हे कसलं औषध?"

"औषध नाही हो. मीठ-पाणी. अंगातलं मीठ पार संपलंय याचं. असं झालं की शरीर त्या गोळीला सोडतच नाही, धरून ठेवतं. तिकडे डोंगरापलीकडे एक बाई अशाच आल्या होत्या. ब्लड प्रेशरसाठी कुणीतरी मीठ बंद करायला सांगितलं होतं त्यांना."

नर्स गेली. वसुधाच्या पर्समध्ये औषधाच्या दुकानाने दिलेला कागद होता. जूनपासून तोच घडी घालून ठेवलेला. तिने त्यातला फक्त पहिला परिच्छेद वाचला होता, किती आणि केव्हा. आता खालचं वाचलं. भरपूर पाणी प्या. मीठ एकाएकी कमी करू नका. दोनच ओळी. बारीक अक्षरात, पण इंग्रजीत, आणि इंग्रजी तिला चांगलं येत होतं.

पोराला तिने स्वतःच्या हाताने, एकेक वाटी करून, हसत हसत विष चढवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाचा अधिकारी आला. भला माणूस, पण फाइल घेऊन आलेला. त्याने व्हरांड्यातच सांगितलं, रक्तात एवढं औषध म्हणजे गोळ्या साठवून एकदम घेतल्या असणार. जीव द्यायचा विचार असेल, नाहीतर नशेचा. दोन्हीत अट मोडते. शुक्रवारी सुनावणी. बहुतेक परत आत.

तो गेल्यावर वसुधा आत आली. देवदत्त जागा होता. हात अजून थरथरत होते, पण नजर स्थिर झाली होती.

"मीठ ना काकू?"

ती खुर्ची ओढून बसली.

"केमिस्ट्री शिकत होतो मी. मला कळायला हवं होतं. जेवताना एकदा मनात आलंही होतं. पण तुम्ही असं वाढत होतात..." तो श्वास घ्यायला थांबला. "त्यांना मी सांगतो, जास्त गोळ्या घेतल्या म्हणून."

"काय बोलतोयस?"

"तुमचं नाव नको यायला. मी तसाही परतच जायला पाहिजे. आत तिचा आवाज येत नव्हता. तुमच्याकडे रोज येतो."

"गप्प बस."

"काकू, मी विचार करून बोलतोय."

"गप्प बस म्हटलं ना!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की नर्सने डोकावून पाहिलं.

घरी जाताना गाडीत अरुण म्हणाला, "तू सांगितलंस तरी त्याला तुझ्याकडे ठेवणार नाहीत. चूक तुझी ठरली की तू अपात्र. नाही सांगितलंस तर चूक त्याची. दोन्हीकडून तो जातोच."

"मग?"

"मग काही नाही. हिशेब सांगितला."

वसुधा खिडकीतून बघत होती. वाटेत हार्टरचं शेत लागतं. गोठ्याचा काळा चौथरा अजून तसाच होता, त्यावर उंच गवत वाढलेलं. दुपारचा एक वाजला होता, वारा पडलेला. तिने काच वर घेतली. तरी तिला ते ऐकू आलं, फळीवर खूर आपटल्याचा बोदा आवाज, एकदा आणि मग परत. तिने अरुणकडे पाहिलं. तो नेहमीसारखी गाडी चालवत होता.

*

शुक्रवारी ती उभी राहिली. वकीलबाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच बोलायला लागली, म्हणून न्यायाधीशबाईंनी थांबवलं, परत शपथ दिली. मग तिने सगळं सांगितलं. श्रावण म्हणजे काय, संकल्प म्हणजे काय, मीठ का सोडलं. इंग्रजीत सांगताना ते सगळं फार वेडगळ वाटत होतं. लिहिणारी बाई मध्येच "संकल्प" या शब्दाचं स्पेलिंग विचारायची. डॉक्टरिणीचं पत्र वाचलं गेलं. असं होऊ शकतं, असं त्यात लिहिलं होतं.

सरकारी वकील उठला. तरुण होता, केस नीट विंचरलेले.

"शनिवारी दुपारी तुम्हाला काय वाटलं होतं?"

"प्यायलाय असं वाटलं."

"दारू पिणं ही अट मोडणं आहे, हे माहीत होतं?"

"हो."

"फोन केला?"

"नाही."

"का?"

देवदत्त पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता. वसुधाने कठड्याला धरलं.

"तो त्या दिवशी आमच्याकडेच येत होता. फेब्रुवारीत. त्याने तीनदा फोन केला होता, मी उचलला नाही. उचलला असता तर तो वाटेत थांबला नसता." ती न्यायाधीशबाईंकडे वळली. "मला तो घरी हवा होता. म्हणून केला नाही. ते चुकीचं होतं. गोळ्या त्याने घेतल्या नाहीत. तो खोटं बोलेल, मला वाचवायला. त्याचं ऐकू नका."

न्यायाधीशबाई लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या की आरोपीने अट मोडली असं कोर्टाला दिसत नाही. पण या बाईंच्या हवाली त्याला यापुढे ठेवता येणार नाही. मन चांगलं आहे, निर्णय भरवशाचा नाही. दुसरं कुणी आहे का? वकीलबाईंनी फाइल चाळली. कुणी नव्हतं. देवदत्तच्या आईला नागपूरहून यायला व्हिसा मिळाला नव्हता. शिपायाने साखळी सारखी केली.

तेवढ्यात अरुण उठला. त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून बाक धरून उठला.

"मी आहे," तो म्हणाला.

"आपण यांचे पती ना? घर तेच."

"घर तेच. सही माझी. औषध मी देईन, जेवण मी करीन. फोनची वेळ आली तर मी करीन. मी करतो, हिला विचारा. हिच्यासारखा नाही मी."

"स्वयंपाक येतो तुम्हाला?"

"वाचून करीन. तीस वर्षं वाचूनच केलं सगळं."

बाईंनी दहा मिनिटं घेतली. मग आदेश वाचला. आरोपीचं जेवण आणि औषध फक्त अरुण यांच्या हातचं. पत्नीने त्याला खायला-प्यायला काहीही द्यायचं नाही, तयारही करायचं नाही. अधिकारी न कळवता येऊन पाहतील. वसुधाने या वेळी मान हलवली नाही. "समजलं," म्हणाली.

*

सप्टेंबरात एकदाचा पाऊस झाला, उशिरा, कुणाच्या उपयोगाचा नाही. मका करपून गेला होता. टोमॅटोचे खुंट उपटायचं काम वसुधाकडे होतं, कारण जेवणवेळी तिला घरात काही करण्यासारखं नव्हतं. साडेबाराला अरुण आत जायचा, दार लावायचा. ती बाहेर वाफ्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांडी पडल्याचे आवाज यायचे.

पहिले चार दिवस नुसता पाव आणि उकडलेले बटाटे होते. पाचव्या दिवशी तिने आत ऐकलं,

"देवदत्त, अरे हे पाणी किती घालायचं?"

तिचा हात खुंटावर थांबला. तीन महिन्यांत त्याने या पोराचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

"मला काय माहीत काका. एक वाटीला दोन?"

"तू केमिस्ट आहेस ना?"

"खिचडी ऑरगॅनिक आहे काका, मी इनऑरगॅनिकवाला."

कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही. मग करपल्याचा वास बाहेरपर्यंत आला. वसुधाची पावलं सवयीने दाराकडे वळली, आणि ती ओसरीच्या पायरीवरच बसली. हाताला चिखल, बोटांत टोमॅटोचा हिरवा काळपट चीक. नोव्हेंबरची तारीख अजून सात आठवडे लांब होती. तोवर हे असंच. त्यानंतरचं कुणी बोलत नव्हतं.

जाळीचं दार उघडलं. देवदत्त बाहेर आला. एका हातात ताटली, दुसऱ्या हाताने खालून धरलेली, कारण बोटं अजून थोडी कापत होती. त्याने ती तिच्या शेजारी पायरीवर ठेवली.

"अरे, मला चालत नाही. कागदावर आहे."

"तुम्ही मला वाढायचं नाही, असं आहे. मी तुम्हाला वाढायचं नाही, असं कुठे आहे? काकांनी तीनदा वाचून घेतलं."

ती चिखलाचे हात तसेच धरून बसली. त्याने आतून तांब्या आणला, तिच्या हातांवर पाणी घातलं. तिने पहिला घास घेतला. तांदूळ वरून कच्चा होता, खालून करपलेला, आणि डाळ दाताखाली कचकचत होती. तो दाराला टेकून उभा होता, बघत.

वसुधाने सगळं खाल्लं. तळाशी चिकटलेला काळा पापुद्रासुद्धा नखाने सोडवून खाल्ला.

"आणखी आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"वाढ मग," ती म्हणाली, आणि ताटली वर धरली.